गाळ शेताला, मुरूम रस्त्याला, पाणी गावाला



आज मी तुमच्याशी नव्या वाणाविषयी किंवा फवारणीच्या औषधाविषयी बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते गावात चालणाऱ्या निरनिराळ्या कामांविषयी आणि त्या कामांचा आपल्या माती-पाण्याशी काय संबंध आहे त्याविषयी. तुम्ही म्हणाल, साहेब, रस्ता बांधणे हे बांधकामवाल्यांचे काम, शाळा शिक्षण खात्याची, दवाखाना आरोग्य खात्याचा. यात शेतकऱ्याने काय करायचे? प्रश्न बरोबर आहे. पण बघा, खाती चार असली तरी गावाची माती एकच आहे आणि पाणीही एकच आहे. रस्त्यासाठी मुरूम निघतो तो आपल्याच शिवारातून. शाळेच्या पत्र्यावरून वाहून जाते ते आपलेच पाणी. तेव्हा एकाच्या कामाने दुसऱ्याचे नुकसान होणार की फायदा, हे ठरवताना आपण तिथे हजर असले पाहिजे.

याला हल्ली शाश्वत विकास म्हणतात. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली त्यासाठी सतरा उद्दिष्टे ठरवली. शब्द मोठा आहे, पण अर्थ आपल्या घरातलाच आहे. बियाण्याची कणगी फोडून खाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

तलाव कुणी खोदला?

बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत हिंडताना जागोजागी पाझर तलाव दिसतात. त्यांतले कितीतरी १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून झाले. माझी आजी त्या दुष्काळी कामावर होती. डोक्यावर टोपली, काखेत लहान मूल आणि दुपारी मिळणारी सुकडी, हे तिने आम्हाला अनेकदा सांगितले. ती म्हणायची, "आमी पोटासाठी खोदलं बाबू, पन तलाव गावाचा झाला."

त्या तलावाचे आज काय झाले आहे? पन्नास वर्षांत वरच्या शेतांतली माती पावसाबरोबर वाहत आली आणि तळाशी बसली. पाझर तलावाचे काम असते पाणी मुरवणे. पण तळावर बारीक गाळाचा थर बसला की मुरण्याच्या वाटा बुजतात. पाणी वर दिसते, पण खाली जात नाही. उन्हाने उडून जाते. खालच्या विहिरी कोरड्या आणि तलावात मात्र गुडघाभर चिखल, अशी स्थिती होते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

आता साधा हिशेब करू. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजेच सुमारे २.८ घनमीटर. एक घनमीटर जागेत १,००० लिटर पाणी मावते. ट्रॅक्टरची एक ट्रॉली साधारण एक ब्रास धरली, तर गाळाची एक ट्रॉली बाहेर काढली की तलावात सुमारे २,८०० लिटर पाण्याची जागा मोकळी होते. दोनशे लिटरचे चौदा ड्रम समजा. जागा झाली म्हणजे पाणी आलेच असे नाही, पाऊस पडावा लागतो. पण पडलेला पाऊस ठेवायला भांडे मोठे झाले, हे खरे.

रस्ता आणि तलाव यांची सांगड

आता आपल्या जिल्ह्याने काय केले ते ऐका. मागील काही वर्षांत जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांची मोठी कामे झाली. रस्त्याचा भराव करायचा तर लाखो घनमीटर माती-मुरूम लागतो. पूर्वीची रीत अशी की, ठेकेदार रस्त्याजवळची टेकडी किंवा पडीक रान बघतो, तिथून मुरूम उचलतो आणि काम संपले की निघून जातो. गावाच्या वाट्याला येतो उभ्या कडांचा खड्डा. त्यात ना धड पाणी मुरते, ना जनावर उतरू शकते. पावसाळ्यात अशा खड्ड्यांत पोहायला उतरलेली पोरे बुडतात, हे आपण सगळे ऐकून आहोत.

आपल्या जिल्ह्यात या कामांत वेगळा विचार झाला. भरावाला लागणारी माती आणि मुरूम टेकडीवरून घेण्याऐवजी गावतलाव, पाझर तलाव, नाले आणि नदीपात्रे खोल करून घ्यायचा. रस्त्याला मुरूम मिळाला, तलावाची खोली वाढली आणि खोदाईसाठी शासनाला वेगळा खर्च करावा लागला नाही. ठेकेदाराला कुठून तरी खोदायचेच होते, त्याने गावाच्या उपयोगाच्या जागी खोदले, एवढीच त्यातली युक्ती. याला 'बुलढाणा पॅटर्न' असे नाव पडले आणि नीती आयोगानेही त्याची दखल घेतली. त्याच सुमारास, २०१८ साली, जिल्हा प्रशासन आणि भारतीय जैन संघटना यांनी मिळून 'सुजलाम् सुफलाम्' या नावाने जिल्हाभर तलावांतला गाळ काढण्याचे काम हाती घेतले. राज्य शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली सुरू झाली होतीच.

म्हणजे रस्ता हे एक क्षेत्र, शेती हे दुसरे आणि पिण्याचे पाणी ही तिसरी सेवा. तिघांची मोट एकत्र बांधली तर एका खर्चात तीन कामे होतात. हे आपल्या जिल्ह्याने करून दाखवले आहे. पण, बंधूंनो, हे आपोआप होत नाही. त्यात तीन-चार ठिकाणी घसरायला जागा आहे. आजचे माझे बोलणे मुख्यतः त्याविषयी आहे.

गाळ वेगळा, मुरूम वेगळा

पहिली गोष्ट. तलावात वर असतो तो गाळ आणि त्याखाली असतो तो मुरूम. रस्त्याला गाळ चालत नाही. चिकण काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तिच्यावरचा रस्ता खचतो. रस्त्याला हवा मुरूम. शेताला मुरूम चालत नाही, शेताला हवा गाळ. तेव्हा भांडणाचे कारणच नाही. आधी शेतकऱ्यांनी वरचा गाळ उचलावा आणि मग मंजुरी असेल त्या खोलीपर्यंत ठेकेदाराने खालचा मुरूम न्यावा.

पण प्रत्यक्षात काय होते? यंत्र येते उशिरा, मे महिन्यात. ठेकेदाराला घाई असते. शेतकऱ्याची ट्रॉली मिळत नाही. मग वरचा गाळ ओढून तलावाच्या काठावरच ढीग मारला जातो. पहिल्या मोठ्या पावसात तो ढीग पुन्हा तलावात उतरतो. केलेले सगळे पाण्यात जाते! म्हणून गाळाची मागणी किती, कोणत्या शेतकऱ्याला किती ट्रॉल्या, कोणत्या वाटेने न्यायच्या, ही यादी मार्च महिन्यातच तयार करा. तलाव एप्रिलमध्ये आटला की लगेच काम सुरू झाले पाहिजे आणि मृग लागण्यापूर्वी संपले पाहिजे.

दुसरी गोष्ट. कुठे आणि किती खोल खोदायचे, हे यंत्रचालकावर सोडू नका. संबंधित खात्याच्या अभियंत्याने आखणी करून दिल्याशिवाय यंत्र तलावात उतरू देऊ नका. बांधाच्या पायथ्याजवळ खोदले तर बांध कमकुवत होतो आणि फुटला तर खालच्या गावाचे काय होईल ते सांगायला नको. ज्या तलावात पाणी साठवून ठेवायचे आहे, त्याचा तळ जास्त खरवडला तर पाणी गळून जाते. या योजनेत वाळू काढायला बंदी आहे, तीही लक्षात ठेवा. खोदाईच्या कडा उभ्या ठेवू नका, उताराच्या ठेवा. गुरांना पाणी प्यायला उतरता आले पाहिजे आणि पाय घसरलेल्या पोराला वर येता आले पाहिजे.

तिसरी गोष्ट. हे सगळे ग्रामसभेत ठरवा आणि ठराव लिहून घ्या. तलाव कोणता, मुरूम कोण नेणार, गाळ कुणाला मिळणार आणि गाडीरस्ता दुरुस्त कोण करून देणार, हे सर्व कागदावर हवे. ग्रामसभेला भगिनींनी अवश्य जावे. उन्हाळ्यात हंडा घेऊन लांब जावे लागते ते त्यांना. पाणी कुठे मुरले पाहिजे, हे त्यांना जास्त चांगले कळते.

माझी एक चूक

आता थोडे स्वतःविषयी सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी एका गावात गाळाचा प्रचार मोठ्या हौसेने केला. गाळ म्हणजे सोने, जितका टाकाल तितका थोडा, असे मी सभेत बोलून गेलो. एका वयस्कर बाबांनी माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून शेतात जवळजवळ फूटभर थर टाकला. त्यांची जमीन आधीच भारी काळी, सखल भागातली. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. शेतात पाणी तुंबले. सोयाबीन पिवळे पडले आणि तूर उभ्या उभ्या वाळली. ट्रॉलीचे भाडे अंगावर पडले ते वेगळेच.

मी भेटायला गेलो. बाबांनी आधी चहा दिला आणि मग म्हणाले, "साहेब, गाळ चांगला हाय हे तुमी सांगतलं. पन जमीन कोन्ती हाय, हे काहून नाही पाह्यलं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढल्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी मिळून त्या शेतात चर काढले आणि पाण्याला वाट करून दिली. शेत हळूहळू ताळ्यावर आले. पण ते एक वर्ष गेले ते गेलेच. त्या दिवसापासून मी गाळाची गोष्ट सांगताना आधी जमिनीची गोष्ट सांगतो. तुम्हीही कुणी गाळाचे गुणगान करू लागले, तर त्याला बाबांचा प्रश्न विचारा.

गाळ कुणी, किती आणि कसा टाकावा

गाळ उपयोगी पडतो तो हलक्या, उथळ, मुरमाड जमिनीला. घाटावरच्या भागात, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा या तालुक्यांत अशा बरड जमिनी पुष्कळ आहेत. पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली की तिथले पीक माना टाकते. गाळाने अशा जमिनीची ओल धरून ठेवण्याची ताकद वाढते. भारी काळ्या जमिनीत आणि पाण्याचा निचरा न होणाऱ्या सखल जमिनीत गाळ टाकू नये.

गाळाचीही परीक्षा करा. मूठभर गाळ ओला करून त्याचा गोळा वळा. गोळा वळलाच नाही, हातातून सुटून पडला, तर त्यात वाळू जास्त आहे, तो वाहून आणण्यात फायदा नाही. तलावाच्या आठ-दहा ठिकाणचा गाळ घेऊन एकत्र करा, त्यातला अर्धा किलो पिशवीत भरा आणि माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या. सामू साडेआठच्या वर असला किंवा विरघळणाऱ्या क्षारांचे प्रमाण दाखवणारा आकडा, ज्याला विद्युत वाहकता म्हणतात, एकाच्या वर असला, तर तो गाळ शेतात आणू नका. चुनखडीचे प्रमाण फार असलेला गाळही टाळा. सोबत आपल्या शेताच्या मातीचा नमुनाही द्या. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवूनच निर्णय करा.

आता किती? पहिल्या वर्षी दोन इंचांचा थर पुरे. एकराला दोन इंच थर द्यायचा तर सुमारे ७३ ब्रास गाळ लागतो. चार इंच द्यायचा तर त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १४५ ब्रास. चार इंचांच्या वर जाऊ नका. आधी अर्ध्या एकरावर करून बघा, पीक बघा आणि मग पुढे सरका. तलाव लांब असेल तर वाहतुकीचा हिशेब आधी मांडा. सुरुवातीला या योजनेत वाहतूक शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने करायची होती. २०२३ साली योजना नव्या स्वरूपात आली, तेव्हा अल्प आणि अत्यल्प भूधारकांना गाळ पसरण्यासाठी अनुदानाची सोय झाली. सध्याचे दर, मर्यादा आणि पात्रता यांची चौकशी तालुक्याच्या जलसंधारण किंवा कृषी कार्यालयात करूनच पुढे जा.

शेतात टाकलेल्या गाळाचे ढीग तसेच ठेवू नका. पसरा, उन्हात चांगला तापू द्या, ढेकळे फुटू द्या, मग वखराच्या पाळ्या देऊन मूळ मातीत मिसळा. नुसता वर थर राहिला तर पाणी त्या थरातच अडकते. आणि गाळ टाकला म्हणून शेणखत बंद करू नका. गाळ ओल धरतो, शेणखत मातीला जिवंत ठेवते. दोघांची कामे वेगळी आहेत.

खारपाणपट्ट्यातल्या बांधवांसाठी

पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांतल्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला हवे. हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. इथली जमीन खोल, भारी आणि निचऱ्याला वाईट. जमिनीखालचे पाणी खारे. ते पाणी पिकाला दिले तर आज पीक हिरवे दिसेल, पण सोडियम साठून जमीन चोपण होईल. तुम्हाला घाटावरच्या शेतकऱ्याचे अनुकरण करून उपयोग नाही. तुमच्या जमिनीला गाळ नको, पावसाचे गोडे पाणी हवे.

त्यासाठी तुमच्याकडे शेततळे हाच चांगला मार्ग आहे. त्या चिकण जमिनीत पाणी फार हळू झिरपते, म्हणून शेततळ्यात ते बराच काळ टिकते. पावसाळ्यात साठवलेले ते पाणी रब्बीच्या हरभऱ्याला दोन वेळा द्या: एकदा फांद्या फुटताना आणि दुसऱ्यांदा घाटे भरताना. तुषार संच असेल तर तेच पाणी जास्त क्षेत्राला पुरते. शेतात चर काढून जादा पाण्याचा निचरा करा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला आपण पोकरा म्हणतो, तो २०१८ मध्ये सुरू झाला तेव्हा खारपाणपट्ट्यातली गावे त्यात मुद्दाम घेतली होती, ती याच कारणासाठी.

आणि लोणारकरांनो, तुमच्या सरोवराचा गाळ कुणी मागितला तर हात जोडा! ते पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. उल्कापाताने झालेले ते सरोवर २०२० सालापासून रामसर यादीत आहे. निसर्गाची काही भांडी रिकामी करायची नसतात. ती जशी आहेत तशीच जपायची असतात.

गाळ आला कुठून?

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तलावातला गाळ आकाशातून पडला नाही. तो तुमच्या-आमच्या शेतातूनच गेला. तलाव साफ केला आणि वरचे शिवार तसेच उघडे ठेवले, तर काही वर्षांत पुन्हा तेच. छप्पर गळत असताना नुसते घर पुसत बसण्यासारखे ते आहे.

म्हणून काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत व्हावे. नांगरट, वखरणी आणि पेरणी उताराला आडवी करा. सोयाबीनमध्ये रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरा. यंत्र नसेल तर ठराविक ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडून पट्टापेर करा आणि डवऱ्याच्या वेळी तिथे सरी ओढा. कमी पावसात सरीत पाणी मुरते आणि जास्त पावसात सरीतून पाणी निघून जाते. बांध कोरून शेत वाढवू नका. त्याने वीतभर जमीन मिळते, पण हातभर माती जाते. बांधावर गवत राहू द्या, तणनाशक मारून तो उघडा करू नका. ज्या शेतांचे पाणी थेट तलावात उतरते, त्या शेतकऱ्यांनी ही कामे आधी करावी आणि गावाने त्यांना मदत करावी.

शाळा, दवाखाना आणि ग्रामपंचायत

शेतकऱ्याने एवढे केले, मग गावातल्या सार्वजनिक इमारतींनी का मागे राहावे? शाळेचे छप्पर शंभर चौरस मीटर आहे असे समजा. ७०० मिलिमीटर पावसाच्या वर्षात त्यावर ७०,००० लिटर पाणी पडते. थोडे उडाले, थोडे वाया गेले, तरी पन्नास हजार लिटर सहज हाती येते. आज ते अंगणात चिखल करते आणि नालीत जाते. पन्हळ लावा, गाळणखड्डा करा आणि ते पाणी शाळेच्या विहिरीजवळ किंवा कूपनलिकेजवळ मुरवा. पहिल्या पावसाचे पाणी मात्र सोडून द्या, त्यात छपरावरची घाण असते. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे हे काम शाळेच्या रंगरंगोटीच्या आधी झाले पाहिजे.

हापशाजवळ आणि सार्वजनिक नळाजवळ सांडलेले पाणी डबके करून राहते, त्यात डास होतात आणि मग आपण दवाखान्यात रांग लावतो. तिथे शोषखड्डा केला तर पाणी जमिनीत जाते आणि डासांची पैदास कमी होते. एका खड्ड्यात पाणीपुरवठा आणि आरोग्य अशी दोन कामे झाली. उपकेंद्राला सौर विजेची जोड मिळाली तर लसींची शीतपेटी भारनियमनातही चालू राहते. अंगणवाडीच्या सांडपाण्यावर शेवगा आणि भाजीपाला होतो. यांतले कोणतेही काम फार मोठे नाही. फक्त 'हे आमच्या खात्याचे नाही' हे वाक्य गावाने ऐकून घेऊ नये.

पाण्याचा हिशेब

शेवटचा मुद्दा, आणि तोच सर्वांत अवघड. तलाव खोल झाला, विहिरींना पाणी आले, की लगेच काय होते? नव्या कूपनलिका होतात, तलावात मोटारी पडतात आणि जास्त पाण्याची पिके येतात. दोन वर्षांत पुन्हा पहिले दिवस. पाझर तलावाचे पाणी थेट उपसायचे नसते, ते मुरण्यासाठी असते. ज्याच्याजवळ मोठी मोटार त्याचे पाणी, असे झाले तर खालच्या अंगाचा लहान शेतकरी कोरडाच राहतो. गाळ काढायला सारे गाव आले आणि पाणी चार घरांनी नेले, असे होता कामा नये.

म्हणून पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडा. पाऊस किती झाला, तलावात किती पाणी आहे, विहिरींची पातळी किती, हे लिहा. त्यातून माणसांचे आणि गुरांचे उन्हाळ्यापर्यंतचे पाणी आधी बाजूला काढा. उरले त्यावर रब्बीचे पीक ठरवा. पाणी कमी असेल तर गव्हाऐवजी हरभरा किंवा करडई घ्या. विहिरीचे पाणी उपसून शेततळे भरू नका. जमिनीखाली झाकलेले पाणी उन्हात आणून वाळवण्यासारखे ते आहे.

आता ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

१. मार्चपूर्वी ग्रामसभा घ्या, तलाव निवडा आणि गाळ नेणाऱ्यांची यादी करा.
२. गाळ आणि आपली जमीन, दोन्हींचे परीक्षण करून घ्या.
३. आखणी आणि परवानगीशिवाय यंत्र तलावात उतरू देऊ नका.
४. आधी गाळ शेतात, मग मुरूम रस्त्यात. काठावर ढीग ठेवू नका.
५. हलक्या जमिनीत दोन ते चार इंच थर द्या. भारी आणि चोपण जमिनीत गाळ नको.
६. तलावाच्या वरच्या शेतांत बांध, गवत आणि आडवी पेरणी करा.
७. शाळेच्या आणि पंचायतीच्या छपराचे पाणी मुरवा.
८. ऑक्टोबरमध्ये पाण्याचा ताळेबंद मांडा, पिण्याचे पाणी आधी राखून ठेवा.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या वाडवडिलांनी उपाशीपोटी टोपल्या वाहून हे तलाव केले. आपल्याला टोपली वाहायची नाही, यंत्र आहे. आपल्याला फक्त वेळेवर एकत्र बसायचे आहे आणि नीट विचार करून ठरवायचे आहे. पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या गावाजवळ रस्त्याचे काम निघाले, तर ठेकेदाराला आधी तलाव दाखवा. आणि गाळ नेण्यापूर्वी त्या बाबांचा प्रश्न स्वतःला एकदा अवश्य विचारा: जमीन कोणती आहे?

काही शंका असल्यास आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात मातीची पिशवी घेऊनच या. नुसत्या बोलण्यापेक्षा ती पिशवी जास्त खरे सांगते.